खुर्चीवरचा हात

पुंजाराम पगारे अमेरिकेला गेले ते सुनेच्या नव्याकोऱ्या नऊवारीच्या घडीत बसून, आणि नऊ महिन्यांनी नाशिकला परत आले ते एका जुन्या टॉवेलात गुंडाळून.

तसं त्यांना वारून पंचवीस वर्षं झाली होती. गेला-आला तो त्यांचा फोटो. पण त्यांच्या सुनेच्या, साळूबाईंच्या, घरात त्या फोटोला फोटो म्हणायची पद्धत नव्हती. ‘मामंजींना जरा पुसून घे’, ‘मामंजींच्या तोंडावर ऊन येतंय, पडदा ओढ’, असंच बोलणं. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाताना साळूबाईंनी डिंकाचे लाडू, खसखस, बाळंतशेपा आणि मामंजी एवढं सोबत नेलं होतं. येताना लाडूंचा डबा रिकामा आणला आणि मामंजींना लेकीच्या भिंतीवर ठेवून आल्या होत्या. नातीच्या घरात आजा असावा म्हणून.

आणि आता, २००४ च्या जानेवारीत, ज्योत्स्ना सात महिन्यांच्या यशूला घेऊन माहेरी आली. जेलरोडच्या फ्लॅटमध्ये तिनं बॅग उघडली, डायपरची थप्पी बाजूला सारली आणि तळातून टॉवेल काढला. साळूबाईंनी टॉवेलाचं एक टोक उचलून पाहिलं.

“ह्यांना का परत आणलं?”

“काचेला तडा गेलाय, आई.”

“तडा तिकडं गेला, का इमानात?”

“विमानात.”

“मंग तडा जायच्या आधीच आणायला निघाली होतीस की.”

तेवढ्यात यशू जागी झाली. लेकरू वेळेवर रडलं की आईची सुटका होते. ज्योत्स्ना तिला ओढणीखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली, तर भिंतीवर मामंजींच्या जागेचा चौकोन तसाच होता, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. आईनं नऊ महिने तिथं दुसरं काही लावलं नव्हतं. कॅलेंडरसुद्धा नाही.

फोटो १९३० सालचा. पुंजाराम तेव्हा बावीस वर्षांचे. काळारामाच्या मंदिरात जायला मिळावं म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह पुकारला, तेव्हा विंचूरकडच्या आपल्या खेड्यातून ते भाकरी बांधून चालत नाशिकला आले आणि महिनाभर परत फिरकलेच नाहीत. चैत्रात, रथ निघतो त्या दिवशी, दगड आले. वरून आलेला एक पुंजारामांच्या कपाळाला लागला. सात टाके पडले. चौथ्या दिवशी डोक्याला पट्टी तशीच ठेवून ते मेन रोडवरच्या एका फोटोवाल्याकडे गेले. फोटोवाला म्हणाला, जखम भरू दे, मग ये. पुंजाराम म्हणाले, जखमेचाच काढायचाय.

फोटोवाल्यानं काढला, पण एका अटीवर. स्टुडिओत नक्षीची एक खुर्ची होती, बड्या लोकांना बसवायची. तिला शिवायचं नाही. शेजारी हात जोडून उभं राहायचं. पुंजाराम ‘बरं’ म्हणाले. फोटोवाल्यानं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं, रबरी फुगा हातात घेतला, एक, दोन म्हटलं, आणि तीन म्हणताना पुंजारामांनी उजवा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला. नुसता टेकवला नाही, घट्ट धरला. फोटोत बोटांची पेरं पांढरी दिसतात.

“फोटोची काच एकदा वापरली की गेली,” साळूबाई सांगायच्या, आणि दर वेळी इथं आल्या की हसायच्या. “दुसरी वाया घालवायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. म्हणून ऱ्हायला हात. मागून खुर्ची धुतली का जाळली, ते मामंजींनी इचारलं नाय.”

असा हा माणूस अमेरिकेत गेल्यावर झाडावरून पडला.

म्हणजे ज्योत्स्नानंच त्याला पाडला.

तिथं त्यांच्या गावात मराठी घरं पंधरा-वीस. त्यांनी आपलं एक मंडळ काढलं होतं. ज्योत्स्ना लग्न होऊन गेली तेव्हा बर्फात तोंड काळवंडून बसली होती. मंडळात तिला स्नेहल भेटली. स्नेहल पंचवटीची. ‘अगं, म्हणजे तू गंगेच्या त्या बाजूची, मी ह्या बाजूची!’ असं, गोदावरीला गंगा म्हणण्याच्या नाशिकच्या सवयीनं, म्हणून तिनं मिठी मारली, आणि दोघी तासभर नाशिकच्या चिवड्यावर बोलत राहिल्या. मोदकाला पाकळ्या कशा पाडायच्या ते ज्योत्स्नाला स्नेहलनंच शिकवलं. साळूबाईंच्या घरात गणपती बसत नसे. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर ते. पण परमुलखात चार बायकांत बसायचं तर हात चालायला हवेत, असं म्हणून ज्योत्स्ना शिकली. मंडळाच्या गणपतीला कुणी काय आणायचं त्याची यादी स्नेहल टाइप करून ईमेलनं पाठवायची. दोन वर्षं त्या यादीत ओळ होती: ज्योत्स्ना केदारे, एकवीस मोदक.

नवरा लखन येवल्याचा. हुशार, कष्टाळू, आणि थकलेला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर चार वर्षं त्याला मुलं ‘सरकारी जावई’ म्हणत. मंडळात आडनावावरून कुणी चाचपायला लागलं की तो क्रिकेट काढायचा.

“मी इकडं येऊन जातीतनं सुट्टी घेतलीय, ज्योत्स्ना,” तो म्हणायचा. “आता तिथं हजेरी लावायला लावू नकोस.”

तिला ते पटायचं. सुट्टी कुणाला नको असते?

मग साळूबाई आल्या. त्यांनी हॉलमध्ये, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा, मामंजींसाठी खिळा ठोकला. आठवड्यानं मंडळाच्या बायकांनी ज्योत्स्नाचं डोहाळजेवण केलं. फुलांच्या वाड्या, हिरवी साडी, गाणी. स्नेहल फोटोसमोर उभी राहिली.

“हे कोण गं? डोक्याला काय झालंय?”

“माझे आजोबा. झाडावरून पडले होते,” ज्योत्स्ना म्हणाली. इतक्या पटकन, की जणू ते वाक्य जन्मापासून तिच्या जिभेखाली ठेवलेलं होतं.

स्नेहल हसत ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. “आई, तुमचे सासरे कुठल्या झाडावरून पडले हो?”

“झाडावरून?” साळूबाईंचा आवाज हॉलपर्यंत स्वच्छ आला. “कोण म्हनलं?” आणि त्यांनी सगळं सांगितलं. रथ, दगड, टाके, खुर्ची. ‘आम्ही तवाचे महार, आताचे बौद्ध,’ हेही सांगितलं. आणि नेहमीच्या ठिकाणी हसल्या. त्यांच्यासोबत कुणी हसलं नाही.

खोट्याबद्दल साळूबाई लेकीला एका शब्दानं बोलल्या नाहीत. नात झाली, तिचं नाव यशोधरा ठेवलं, तेल लावलं, शेक दिला, आणि व्हिसा संपायला आला तशा परत आल्या.

सप्टेंबरात यादी आली. ज्योत्स्ना केदारे, कागदी प्लेट्स. दिवाळीला, कागदी कप आणि नॅपकिन. कुणी काही बोललं नाही. हळदीकुंकवाला हाक आली, मिठी आली, यशूसाठी झबली आली. फक्त तिच्या हातचं काही कुणाच्या तोंडात जाणार नाही एवढी सोय झाली. दुकानातून आणायच्या, प्लास्टिक न फोडता टेबलावर ठेवायच्या. प्लेट्सना कुणाचा हात लागत नाही.

दिवाळीनंतर लखननं फोटो काढला. खिळ्याचं भोक राहिलं. घर भाड्याचं, तिथं अशी भोकं टूथपेस्टनं बुजवतात. लखननं बोटावर पांढरी पेस्ट घेतली, भरली, कार्डानं सपाट केली. “बघ, कळतंय का?” तो म्हणाला. कळत नव्हतं.

हे सगळं ज्योत्स्नानं आईला सांगितलं नव्हतं. सांगायला लागलं ते स्नेहलच्या फोनमुळे.

संक्रांत झाली आणि फोन आला. “अगं, तू नाशकात आणि मला फोन नाही? मीपण आलेय! रविवारी आमच्या रुद्रचं बोरन्हाण आहे. यशूला घेऊन ये, दोघांचं एकदम करू. काळं झबलं आहे ना? नसलं तर मी देते.” मग आवाज जरा उतरला. “एक सांगू, रागावू नकोस. घरी आमची आजी आहे, जुन्या वळणाची. तिनं विचारलं ना, कुणाची तू, तर नुसतं ‘नाशिकरोडची’ म्हण. उगीच म्हातारीला कशाला. आणि काही आणू नकोस हं. अगदीच वाटलं तर प्लेट्स आण.”

ज्योत्स्नानं फोन ठेवला आणि तिला हसू आलं. मग ते हसू तिच्याच्यानं आवरेना, आणि साळूबाई तव्यावरची भाकरी टाकून बाहेर आल्या.

“काय झालं गं?”

तेव्हा तिनं सांगितलं. मोदक, प्लेट्स, टूथपेस्ट, सगळं. यशू तिच्या मांडीवर आपल्याच पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती.

साळूबाई ऐकत राहिल्या. भाकरी करपल्याचा वास आला तरी हलल्या नाहीत.

“तुझा बाप प्रेसमधी होता,” त्या शेवटी म्हणाल्या. “पासपोर्टाची कोरी पानं छापायचा. मला म्हनायचा, साळू, ह्या पानावर मानूस कुठं जन्मला ते लिहितात, कुठं चालला ते लिहितात, जात लिहीत नाय. लय कौतुक त्याला. आता त्याला काय ठावं, जात बोटाला लागून जाती म्हनून.”

“मी जाणार नाहीये रविवारी.”

“जायचं. आपल्यात बोरन्हान नसतं, पर बोरं खायाला देव आडवा येत नाय. आन् माझ्या घरातून कागदाच्या प्लेटा जानार नायत. गुळाच्या पोळ्या जातील.”

“त्या खाणार नाहीत, आई.”

“नगं खाऊ देत. न्यायचं काम आपलं. आन् जाताना मामंजींची काच बसवून आन. बुधवारी तुझं इमान. हितं ठेवायचं का तिकडं न्यायचं, ते तुझं तू बघ. पर तडकल्या काचेत मी त्यांना ऱ्हाऊ देनार नाय.”

रविवारी सकाळी ज्योत्स्ना यशूला पोटाशी बांधून, एका खांद्याला डायपरची बॅग आणि हातात पोळ्यांचा डबा घेऊन रिक्षानं मेन रोडला उतरली. फ्रेमवाले रंगनाथ चष्मा कपाळावर चढवून फोटो बघत बसले.

“पट्टी कशाची हो ताई?”

झाडावरून, असं जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. “काळारामाच्या सत्याग्रहात होते. रथाच्या दिवशी दगड लागला.”

एवढंच होतं. आभाळ कोसळलं नाही. शेजारच्या दुकानात गजर लावून ठेवलेली घड्याळं टणटणत होती, ती टणटणतच राहिली.

“आमचे आजोबा पन व्हते त्या दिवशी तिथं,” रंगनाथ फ्रेमला बारीक चुका ठोकत म्हणाले. “कोन्या बाजूनं, ते इचारू नका.” आणि स्वतःच खो खो हसले. नवी काच त्यांनी तीनदा पुसली.

फोटो डायपरच्या बॅगेत उभा बसला. ज्योत्स्ना पूल ओलांडून पंचवटीत गेली.

स्नेहलच्या माहेरचं घर काळारामापासून दोन गल्ल्यांवर. जुनं पाडून चार मजली इमारत झालेली, खाली लॉज, वर फ्लॅट, लिफ्टमध्ये रामरक्षेची कॅसेट. दार स्नेहलच्या आईनं उघडलं.

“ये गं ये. अगंबाई, डबा कशाला? उगीच त्रास घेतलास,” असं म्हणत त्यांनी डबा घेतला आणि आत नेऊन फ्रिजवर ठेवला. फ्रिज उंच होता. ज्योत्स्नाला हॉलमधून दिसलं.

हॉलभर पोरं, बायका, काळी झबली, हलव्याचे दागिने. मधोमध पाटावर वर्षाचा रुद्र, डोक्यावर हलव्याचा मुकुट, चेहऱ्यावर आता रडू का मग रडू असा भाव. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत स्नेहलची आजी, सावित्रीबाई. चौऱ्याऐंशीच्या. मोत्यासारख्या स्वच्छ, अंग चिमणीएवढं.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

“माझी मैत्रीण, आजी. अमेरिकेतली,” स्नेहल घाईनं म्हणाली.

“अमेरिकेतली असेल, पण कुणाची?”

स्नेहलनं ज्योत्स्नाकडे पाहिलं. यशूनं आईचं बोट धरलं होतं.

“नाशिकरोडची,” ज्योत्स्ना म्हणाली. आणि म्हणताक्षणी तिची कानशिलं तापली. रंगनाथांच्या दुकानात कमावलेलं इथं दोन तासांत गेलं. ती बाजूला जाऊन बसली.

रुद्रच्या डोक्यावरून स्नेहलच्या आईनं चांदीच्या वाटीनं ओतायला सुरुवात केली. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या. पोरं तुटून पडली. कुणी टोपीत, कुणी फ्रॉकच्या घेरात भरत होतं. रुद्रनं ठरवलं, आताच रडायचं. सगळे हसले.

“ओच्यात भरा गं पोरींनो, ओच्यात,” सावित्रीबाई खुर्चीतून हात हलवत म्हणाल्या. “आम्ही अस्संच भरून न्यायचो. माझं माहेरही इथलंच. बोरं नाही हो, गोटे. गंगेवरचे, गुळगुळीत.”

“कशाला गं पणजी?” एका मुलीनं विचारलं.

“रथाच्या दिवशी. ती लोकं शिवायला आली होती ना रथाला. वडिलांनी आम्हा पोरींना सांगितलं, ओच्यात भरा आणि माडीवर नेऊन द्या. मी दहा वर्षांची. चौदा खेपा केल्या, मोजून. रात्री आईनं पायाला तेल चोळलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींना खोबऱ्याची वडी.”

“मग खाली काय झालं?”

“खाली बघायचं नाही, असं सांगितलं होतं,” सावित्रीबाई म्हणाल्या.

बायका हसल्या, जसं म्हाताऱ्या माणसाच्या ऐकून ऐकून पाठ झालेल्या गोष्टीला हसतात तसं. स्नेहल तेवढी हसली नाही. ती सरळ आजीकडे गेली. “पुरे आता आजी, दूध घे.”

तेव्हा ज्योत्स्ना उठली. आपण उठतोय असं तिला आधी ठाऊक नव्हतं. बॅगेची चेन उघडली, डायपर आणि दुधाची बाटली ह्यांच्या मधून फोटो काढला, आणि सावित्रीबाईंच्या मांडीवर, सांडलेल्या चार बोरांच्या शेजारी ठेवला.

“आजी, तेव्हा बघायचं नाही म्हणाले होते ना? आता बघा.”

सावित्रीबाईंनी चष्मा नीट केला. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. हॉलमध्ये फक्त पोरांचा चुरमुरे तुडवल्याचा आवाज.

“हा कोण?”

“खाली जे होते, त्यांतले एक. पुंजाराम पगारे. मी त्यांची नात. वरून आलेला गोटा कपाळाला लागला, सात टाके पडले.”

“अगं, सणाच्या दिवशी हे काय काढलंस!” स्नेहलची आई म्हणाली. “लहान मुलं आहेत समोर.”

“मी नाही काढलं, काकू. आजींनी काढलं. मी पुढचं सांगितलं. आणि लहान तर तेव्हा आजीही होत्याच.”

स्नेहलनं तिचा दंड धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “तू मला झाडावरून पडले म्हणाली होतीस.”

“खोटं बोलले होते. तुला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून मोदक गेले आणि प्लेट्स आल्या.”

“ते मंडळानं ठरवलं गं. मी एकटी काय करणार?”

“यादी तू टाइप करतेस, स्नेहल.”

स्नेहलचा हात दंडावरून सुटला.

सावित्रीबाई अजून फोटोच बघत होत्या. त्यांचं बोट पट्टीवरून फिरलं, मग खाली येऊन खुर्चीपाशी थांबलं. “फार लागलं होतं का?”

“लागलं होतं. पण रथाचा दोर एकदा हातात आला होता, असं सांगायचे.”

“दोर,” म्हातारी म्हणाली. मग तिनं फोटो परत दिला आणि बोटं पदराला पुसली. काच तर आजच बसवलेली, लख्ख. ज्योत्स्नानं ते पाहिलं आणि सोडून दिलं. कुणाकडून काही मिळवायला ती उठली नव्हती.

“चला चला,” स्नेहलची आई वाटी भरत घाईनं म्हणाली, “यशूच्याही डोक्यावरून ओतू आणि उरकून घेऊ.”

“नको काकू. तिच्या डोक्यावर वरून काही ओतायचं नाही.”

“अगं, बोरंच आहेत!”

“असू देत. पुढ्यात ठेवा. हवं ते ती आपल्या हातानं घेईल.”

तिनं यशूला पाटावर बसवलं. सात महिन्यांची पोर, नुकतीच बसायला शिकलेली. जरा डुलायची, मग सावरायची. ज्योत्स्नाचे दोन्ही तळवे तिच्या पाठीमागे, न टेकता. काकूंनी वाटी खाली ठेवली. यशूनं बोरांकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं, त्यातलं काही तिला पसंत पडलं नाही. तिनं हात लांबवला आणि वाटीचाच काठ धरला.

“अगं अगं, चांदीची आहे,” काकूंनी हळूच ओढून पाहिली. यशूनं मूठ आवळली. काकूंनी पुन्हा ओढली, तशी यशू वाटीबरोबर पुढे आली पण सोडेना. इवल्या बोटांची पेरं पांढरी झाली.

ज्योत्स्नाच्या छातीत काहीतरी भरून आलं, दूध उतरताना येतं तसं. “राहू दे, काकू,” ती म्हणाली. “तिचं झालं की देईल.”

तिचं व्हायला पाच मिनिटं लागली. सगळा हॉल थांबला.

निघताना ज्योत्स्ना स्वतःच स्वयंपाकघरात गेली, टाचा उंचावून फ्रिजवरचा डबा काढला, बाहेरच्या टेबलावर बटाटेवड्यांच्या परातीशेजारी उघडा ठेवला आणि त्यातली एक पोळी मोडून खायला लागली. बायका बघत होत्या. पोरांना बघायला सवड नव्हती. तीळ-गुळाचा वास आल्यावर पोरं कुणाच्या पोळ्या म्हणून विचारत नाहीत. ‘मलापण, काकू, मलापण.’ ओटा पुसता पुसता बाहेर आलेल्या कामवाल्या भागीबाईंनीही एक उचलली, दातानं मोडून म्हणाल्या, “खुसखुशीत झाल्यात वं. कोनी केल्या?”

“माझ्या आईनं. साळूबाई पगारे. जेलरोडला राहते,” ज्योत्स्ना म्हणाली. भागीबाईंनी पुढचं काही विचारायच्या आतच तिनं पूर्ण पत्ता सांगितला असता, इतकी तिची जीभ सैल झाली होती.

स्नेहल लिफ्टपर्यंत आली. दार मिटताना स्नेहल म्हणाली, “पाडव्याची यादी करायचीय मला.”

“कर. माझ्या नावापुढे पुरणपोळ्या लिही. नाही लिहिलंस तरी मी आणणार आहे.”

घरी साळूबाईंनी आधी डबा हातात घेऊन वजन पाहिलं. “निम्म्या खपल्या की.”

“पोरांनी खाल्ल्या.”

“मंग झालं तर. म्हाताऱ्यांची वाट बघत बसलं तर पोळ्याला बुरशी यील.” त्यांनी यशूला घेतलं, तिच्या मुठीत चिकटलेला एक चुरमुरा काढला आणि दृष्ट काढल्यासारखा स्वतःच खाऊन टाकला.

संध्याकाळी लखनचा फोन आला. तिकडं सकाळ, मागे कॉफीचं मशीन घुरघुरत होतं. यशू कशी आहे, किती खाते, बसते का, सगळं झालं. मग तो म्हणाला, “आजोबांचा फोटो ठेवलास ना आईंकडे?”

“घेऊन येतेय.”

“बरं. बेडरूममध्ये लावू. कपाटाच्या बाजूला जागा आहे.”

“नाही. हॉलमध्ये. आईनं ठोकला होता तिथंच.”

“ज्योत्स्ना, लोक विचारतील.”

“विचारू देत. आज दोनदा सांगितलं मी. पहिल्यांदा अवघड जातं, नंतर नाही.”

“आणि मला विचारलं तर? मला नाही जमत गं. चार वर्षं होस्टेलला…”

“मला माहितीय,” ती म्हणाली. आवाज आपोआप मऊ झाला, यशूला थोपटताना होतो तसा. “तुला नाही जमलं तर तू क्रिकेट काढ. मी सांगेन. पण लेक तुझीसुद्धा आहे, लखन. उद्या तिनं विचारलं, हे कोण, तर तिला काय सांगायचं? झाडावरून पडले?”

फोनमध्ये नुसतं मशीन घुरघुरत राहिलं. मग तेही बंद झालं.

“भोक तर बुजवलंय,” लखन म्हणाला. तो नाही म्हणत नव्हता, हे तिला कळलं.

“टूथपेस्टच आहे. खिळ्याच्या टोकानं खरवडून काढ. बुधवारी निघतेय, तोवर होईल तुझं.”

तिनं फोन ठेवला तेव्हा साळूबाई जमिनीवर बसून मामंजींना बांधत होत्या. टॉवेल त्यांनी धुवायला टाकला होता. त्याऐवजी आपली नेसायची जरीकाठी नऊवारी काढली होती, पहिल्या खेपेचीच.

“आन् पुन्हा काच फुटली तर गं?” त्यांनी विचारलं.

“तिकडं काचवाले आहेत, आई.”

“मंग ठीक हाय,” साळूबाई म्हणाल्या आणि गाठ मारली.